मायकोरायझा ड्रममध्ये वाढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रायकोडर्मा या बुरशीप्रमाणे मायकोरायझाही गूळ-पाण्याच्या ड्रममध्ये वाढवता येतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पिकांच्या मुळांत शिरणारी ही बुरशी जिवंत मुळाशिवाय आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. ड्रममध्ये वाढतात ते दुसरेच जंतू.

तिचे विरजण, म्हणजे पुढे लावण्याचे बुरशीयुक्त मिश्रण, जिवंत रोपाच्या कुंडीत तयार करता येते. बुरशीला पोसणारे यजमान पीक म्हणून मका किंवा ज्वारी उत्तम; मोहरी, कोबी, मुळा, पालक, राजगिरा यांच्या मुळांत ती सहसा वसतच नाही. वाळू आणि हलकी माती समप्रमाणात घेऊन १२१ अंश सेल्सिअसला तासभर, एक दिवस सोडून पुन्हा तासभर वाफवावी. वाफेने मातीतले मॅंगनीज मोकळे होऊन रोपांना बाधते, म्हणून आठवडाभर ती तशीच ठेवावी. मग पाच किलोच्या कुंडीत सुमारे १०० ग्रॅम आधीच्या शुद्ध विरजणाचा थर द्यावा आणि त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर बी पेरावे. कोवळे मूळ त्या थरातूनच खाली गेले पाहिजे.

सर्वाधिक घात होतो तो स्फुरदाने. रोप फिकट दिसले की डीएपी किंवा भरपूर शेणखत टाकले जाते. एरवी ही बुरशीच झाडाला स्फुरद मिळवून देते; तो आयता मिळाला की झाड बुरशीला पोसणे कमी करते. वर मका डौलदार, खाली मुळे जवळजवळ रिकामी! नत्र-पालाश द्यावे, स्फुरद अगदी नाममात्र. कुंड्या जमिनीवर न ठेवता मांडणीवर, एकमेकींचे पाणी उडणार नाही अशा ठेवाव्यात, नाहीतर सूत्रकृमी आणि मूळकुजीची बुरशीही सोबत वाढते आणि विरजणाबरोबर शेतात जाते.

तीन-चार महिन्यांनी पाणी तोडावे. झाड सुकत असताना बीजाणू पक्व होतात. दहा-पंधरा दिवसांनी शेंडे कापून मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे करावेत, त्याच मातीत मिसळावेत, सावलीत वाळवून थंड जागी ठेवावेत. उन्हात वाळवल्यास मुळांतली बुरशी मरते.

विरजण चांगले झाले का, हे नुसते बीजाणू मोजून कळत नाही, कारण त्यांतले बरेच मेलेले असू शकतात. मुळे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून धुवावीत, सौम्य आम्लात बुडवून ट्रिपॅन ब्लूने रंगवावीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत. पेशींत झुडपासारख्या फांद्या आणि गोलसर फुगे निळे दिसले तर वसाहत झाली. ही तपासणी न झालेल्या कुंडीतले विरजण पुढच्या कुंडीला लावू नये.

आपले,
मृदा सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक