तोडफोड नको, केसपेपरची नक्कल मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्ण दगावला, नातेवाइकांनी रुग्णालय फोडले, डॉक्टरांनी काम बंद ठेवले, पोलिसांनी दोन्ही बाजूंची तक्रार लिहून घेतली, अशी बातमी आपल्या अंकात अधूनमधून येतेच. ‘डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा आरोप’ हे वाक्यही त्यात ठरलेले. त्या आरोपाचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा वाचायला मिळत नाही. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत माझी बरीचशी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली आणि मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्या अनुभवावर हे पत्र लिहिते आहे.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक महत्त्वाचा खटला आमच्या भागातलाच आहे : अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात त्यांची पत्नी बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ जुलैला, तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर ताप चढला, पोटात असह्य दुखू लागले. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडी घडी, राहिल्याचे दिसले, पू साचला होता. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने मुलांसह सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी पुन्हा त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. मध्ये बत्तीस वर्षांहून जास्त काळ गेला.

त्या निकालातल्या दोन गोष्टी प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवायला हव्यात असे मला वाटते. पोटात मॉप सापडला की निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा मागायची गरज नाही, घडलेली गोष्टच स्वतः बोलते, ही पहिली. आणि नेमकी चूक कुणाच्या हातून झाली हे रुग्णाच्या घरच्यांना बोट दाखवून सांगता आले नाही, तरी तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारला द्यावी लागते, ही दुसरी. थिएटरच्या दाराआड काय झाले हे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला कसे कळणार?

मॉप आत राहू नये म्हणून काय करतात, हे वाचकांना सहसा ठाऊक नसते. आमच्याकडे मॉप पाच-पाचचे गठ्ठे बांधून ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक होऊन, यायचे. चीर देण्याआधी स्क्रब सिस्टर, म्हणजे सर्जनला हत्यारे देणारी, एकेक सुटा करून मोठ्याने मोजायची, दुसरी सिस्टर फळ्यावर आकडा लिहायची. मॉपला शिवलेली नाडी पोटाबाहेर ठेवून तिला आर्टरी फोर्सेप, म्हणजे चिमटा, लावायचा. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजणी, कातडीचे टाके घालताना आणखी एकदा. एका मध्यरात्रीच्या सिझेरियनला मोजणीत एक मॉप कमी भरला. सर्जन दिवसभराचे थकलेले, पुढची बाई बाहेर स्ट्रेचरवर कळा देत होती. तरी ते हात वर धरून थांबले. आम्ही बादली उपसली, चादरी झटकल्या, टेबलाखाली पाहिले. शेवटी वारेच्या ट्रेमध्ये, रक्ताने माखून वारेलाच चिकटलेला मॉप थिएटरच्या मामांना (अटेंडंटना) सापडला. मग मी वहीत लिहिले : एक मॉप कमी, शोध घेतला, वारेच्या ट्रेमध्ये मिळाला, नंतर पोट बंद केले. वेळ घातली, सही केली. कायदा डॉक्टर-नर्सकडून जी वाजवी काळजी मागतो ती ही. आणि ती घेतली होती हे उद्या कुणी विचारले, तर दाखवायला ती नोंद आहे.

रुग्ण बरा झाला नाही म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे कायदा म्हणत नाही. हे मी डॉक्टरांची कड घेण्यासाठी लिहीत नाही. चांगल्या सर्जनच्या हातून, सगळी काळजी घेऊनही, माणसे गेलेली मी पाहिली आहेत. १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलम खटल्यापासून चालत आलेली कसोटी आपल्या न्यायालयांनीही मानली आहे : त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरने जे केले असते ते याने केले का? दोन मान्य उपचारांतला एक निवडला आणि तो लागू पडला नाही, एवढ्यावर दोष येत नाही. पण काळजीत उणे राहिले तर दोष येतो, डॉक्टर कितीही नावाजलेला असो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्याला टॅक्सीने पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने तो त्याच रात्री गेला, असे न्यायालयांनी मानले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो देताना, तिन्ही वेळी डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, हे त्या निकालाने सांगितले. आजही वकील तोच निकाल काढतात.

फौजदारी गुन्ह्यासाठी मोजमाप याहून कडक आहे. लुधियानाच्या एका रुग्णालयात श्वास अडकलेल्या वृद्धाला लावायला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला आणि तो गेला. त्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरची फौजदारी कारवाई रद्द केली. डॉक्टरला गुन्हेगार ठरवायचे तर निष्काळजीपणा ढोबळ, अतिगंभीर हवा, पोलिसांनी आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या स्वतंत्र डॉक्टरचे मत घ्यावे, सरसकट अटक करू नये, असे त्यात आहे. वॉर्डात रिकामा सिलिंडर येणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा निकाल पचवणे जड जाते, मलाही गेले. पण डॉक्टरला तुरुंगात घालण्याचा प्रश्न वेगळा आणि कुटुंबाला भरपाई मिळण्याचा वेगळा, हे समजून घ्यायला हवे. आपले नातेवाईक रागाच्या भरात फक्त पोलिस ठाण्यात जातात, तिथे काही होत नाही असे वाटले की घरी बसतात, आणि भरपाईच्या दाव्याची मुदत निघून जाते.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. उपचारांसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पक्के झाले. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्यात येत नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले एवढ्याने कुणी ग्राहक होत नाही. अशा वेळी दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो, खोडवा कुटुंबाने धरला तोच.

आता मूळ मुद्दा. कोणताही रस्ता धरा, वकील पहिल्यांदा विचारतो, ‘कागद कुठे आहेत?’ तोडफोडीत सगळ्यांत आधी नर्सिंग स्टेशनवरचे केसपेपर फाटतात, भिजतात, पायाखाली जातात. ज्या कागदावर रात्री दोन वाजता नाडी किती होती हे लिहिलेले असते, तोच नातेवाइकांचा पुरावा असतो. शिवाय २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार रुग्णालयावरचा हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे. मुलगा आत आणि कागद कचऱ्यात, अशी दुहेरी हानी होते.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केली की ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात. प्रत्यक्षात काय होते? माझ्या शेजारच्या घरातल्या सूनबाईचे एका खासगी रुग्णालयात पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, दुसऱ्या रात्री प्रकृती बिघडली, तिला मोठ्या शहरात हलवावे लागले. घरचे कागद मागायला गेले तर ‘डॉक्टर आल्यावर’, ‘झेरॉक्स बंद आहे’, ‘बिल पूर्ण झाल्यावर’. मी त्यांना लेखी अर्ज करायला लावला, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला सांगितला. कागद आले. मी ते चाळले. नाडी आणि बीपीच्या तक्त्यात तिन्ही पाळ्यांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत होत्या, आणि रात्रभर बीपी जवळजवळ तेवढेच. वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला असा तक्ता पाहून काळजी वाटेल. ऑपरेशन बरोबर झाले की चुकीचे, हे त्यावरून कळत नाही. त्या रात्री तिच्याकडे कुणी पाहिले का, हा प्रश्न मात्र विचारता येतो. प्रकरण आयोगापुढे आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

त्या रुग्णालयात रात्री कोण होते, हाही प्रश्न आहेच. तालुक्या-तालुक्यांत सहा महिन्यांचा कसलासा कोर्स केलेल्या मुलींना पांढरा ड्रेस घालून रात्रपाळीला उभे करतात. त्या मुलींवर माझा राग नाही, त्यांना तुटपुंज्या पगारात राबवतात. पण १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात अपात्र नर्सने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले आणि एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिथे रुग्णालयालाच साडेसतरा लाख रुपये भरावे लागले. ही जबाबदारी मालकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आणि संमतीपत्र. छापील अर्जाच्या रिकाम्या जागा न भरता, थिएटरच्या दारात, भेदरलेल्या माणसाची सही घेण्याची पद्धत सर्रास चालते. २००८ च्या समीरा कोहली निकालात तपासणीपुरती संमती दिलेल्या बाईचे गर्भाशय ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून काढले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही, कारण रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आले असते. सही करण्याआधी रिकाम्या जागा भरून घ्या आणि त्याचा फोटो काढा, एवढे मी प्रत्येकाला सांगते.

आरोग्य विभागाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. एक, डिस्चार्ज कार्डाच्या एका पानावर रुग्णाची बोळवण न करता संपूर्ण इनडोअर पेपरची नक्कल न मागता सोबत द्यावी, नर्सिंग चार्ट आणि भुलीच्या नोंदीसकट. मृत्यू झाला असेल तर अवश्यच. काम नीट करणाऱ्या डॉक्टरला याने धोका नाही, त्याची बाजू याच कागदांनी मांडली जाते.

दुसरी मागणी कागद जपण्याच्या मुदतीची. विनियमांत ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांची आहे. जन्मताना इजा झालेल्या बाळाला मुदतीच्या कायद्याप्रमाणे सज्ञान झाल्यावरही दावा लावता येतो, पण तोवर त्याच्या जन्माची प्रसूतीनोंद रद्दीत गेलेली असते. बाळंतपणाचे आणि लहान मुलांच्या उपचारांचे कागद ते मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत जपण्याची सक्ती करावी. आता स्कॅनर तालुक्याच्या रुग्णालयातही आहे, जागेची सबब चालणार नाही.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, परभणी