सिस्टर, अण्णांचा पाय तुमच्यामुळे वाचला

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या पायाची जखम भरली हे गल्लीत कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "कुठलं मलम लावलं हो?" कुणाला नाव चिठ्ठीवर लिहून हवं असतं, कुणी ट्यूबचा फोटो मागतं. असं काही जादूचं मलम नव्हतंच, म्हटलं तर लोकांना वाटतं मी लपवतेय. म्हणून हे पत्र तुम्हाला एकटीला न देता सगळ्यांसमोर लिहितेय. डॉक्टरांना आम्ही पेढे दिले, हार घातला, फोटो काढला. ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून परक्या माणसाचा पाय मांडीवर घेणाऱ्या बाईला कोण हार घालतं?

अण्णा एसटीचे ड्रायव्हर. शुगर रिटायर व्हायच्या कितीतरी आधीपासूनची. तळपायाची जाणीव कधी गेली हे त्यांनाही सांगता यायचं नाही. चप्पल वाटेत गळून पडायची आणि घरी आल्यावर लक्षात यायचं, यावर आम्ही हसायचोसुद्धा. एका लग्नात अण्णांच्या बुटात चिंचोका गेला होता. पंगतीत वाढलं, वरातीत चालले, रात्री मोजा काढला तर रक्तानं भिजलेला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला जखम. "दुखत नाही, म्हणजे काळजीचं नाही," असा अण्णांचा निकाल. मग हळद झाली, मध झाला, कुणीतरी आणून दिलेला पाला झाला. एका ठिकाणी तर पाय नीट हातात न घेताच "बोट काढून टाकू, म्हणजे प्रश्न मिटला" असं सांगितलं गेलं. त्यानंतर आम्ही तुमच्या दारात आलो.

तुम्ही पहिल्याच दिवशी ब्लेड घेऊन जखमेभोवतीचा घट्टा सोलायला लागलात. पांढरट, जाड कातड्याचे पापुद्रे ट्रेमध्ये पडत होते आणि जखम डोळ्यांदेखत मोठी होत होती. आईनं तोंडाला पदर लावला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वहिनी, मी वाढवली नाही. ती एवढीच होती, घट्ट्याखाली दडली होती. हे कडक कातडं असेपर्यंत कडा जवळ येणारच नाहीत, आणि चालताना तेच आत टोचत राहतं." मग डॉक्टरांनी बोथट सळई आत घालून हाडाला लागते का ते पाहिलं. लागली नाही, एक्स-रेमध्येही हाड चांगलं दिसलं. हाडात पू गेला असता तर सहा-सहा आठवडे अँटिबायोटिक आणि कदाचित ऑपरेशनही, हे तुम्ही मला नंतर जिन्यात सांगितलंत, अण्णांसमोर नाही. त्याबद्दलही आभार.

ती नायलॉनच्या दोऱ्याची तपासणी मी विसरणार नाही. दोरा टेकवून वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो, तेवढा कळला पाहिजे. अण्णा डोळे मिटून पडलेले. "अहो, लावा की आता," म्हणाले. "कधीचा लावलाय, अण्णा," तुम्ही म्हणालात. त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. शुगरचा रिपोर्ट पाहून उतरला नव्हता, जखम पाहून उतरला नव्हता.

रक्तपुरवठ्याचंही तसंच. घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून गुणोत्तर काढलं, ते 1.4 आलं. मला वाटलं, चांगलं आहे, 0.9 च्या खाली असेल तर वाईट असं मी वाचलं होतं. तुम्ही मात्र कपाळाला आठ्या घातल्यात. जुन्या शुगरच्या माणसाच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो, पट्टा कितीही आवळला तरी त्या दबत नाहीत, म्हणून आकडा खोटाच मोठा येतो, असं म्हणून तुम्ही डॉक्टरांना कलर डॉपलर, म्हणजे धमन्यांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, लिहून द्यायला लावलात. तो ठीक आला. पण आकड्यावर समाधान मानून आम्हाला घरी पाठवलं असतंत, तर आम्हाला काय कळणार होतं?

आता खरी गोष्ट. तुम्ही आम्हाला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचात, "पाय किती वेळ जमिनीवर होता?" मलमाचा विषय काढला की कंटाळायचात. नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात होतात, तिथलं तुम्ही सांगितलेलं मला अजून पुरतं. वेल्लोरला 1946 साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पाहिलं की कुष्ठरोग्यांच्या तळव्याच्या जखमा भरत नाहीत त्या केवळ रोगामुळे नव्हे. पाय बधिर, त्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. पायाला नीट बसणारं प्लास्टर घातलं, भार वाटला गेला, की त्याच जखमा भरू लागतात. पुढे तीच पद्धत मधुमेहाच्या पायाला लागू पडली. आपल्यासारख्याला खडा रुतला की आपण लंगडतो आणि लंगडण्यामुळेच जखमेला विसावा मिळतो. अण्णांना लंगडता येत नव्हतं. शुगर जास्त असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, नवं मांस धरायला वेळ लागतो, हे सगळं खरंच. पण इन्सुलिननं शुगर आटोक्यात आल्यावरही जखम तिथंच होती, कारण रोज शेकडो पावलं तिच्यावर पडत होती.

तुम्ही आधी फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या नमद्यासारख्या कापडाचा, जाड पॅड घोड्याच्या नालेसारखा कापून जखमेभोवती चिकटवलात, म्हणजे भार कडेनं जाईल. ग्लोव्हजच्या पाकिटाची पारदर्शक बाजू जखमेवर धरून मार्करनं तिची कड काढायचात आणि तारीख घालून वहीत चिकटवायचात. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर तेच उपचार रेटत बसायचं नाही, असा तुमचा नियम. महिना झाला, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, फरक नावालाच. अण्णा शपथेवर सांगत होते, मी खाटेवरून उतरत नाही. तुम्ही काही न बोलता पॅड काढला आणि त्यांच्या हातात दिलात. पुढची कड पापडासारखी चपटी झालेली, वर चौकातली लाल माती. (चौकात चहाची टपरी आहे. टपरीवर तंबाखूही मिळते.) तुम्ही रागावला नाहीत. डॉक्टरांना म्हणालात, "यांना काढता येणार नाही असं काहीतरी द्या."

संसर्ग नाही, रक्तपुरवठा बरा, म्हणून प्लास्टर घालता आलं. हे दोन्ही पाहिल्याशिवाय कुणी प्लास्टर घालून घेऊ नये, ही तुमची तंबी मी इथं सगळ्यांसाठी लिहून ठेवते. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांतच बदललंत, कारण सूज उतरली की ते सैल होऊन घासतं. नंतर दर आठवड्याला. दर वेळी आत सलाइननं धुणं, मेलेलं तेवढं काढणं, साधं ड्रेसिंग. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. "फेस आला की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, पण त्यात नवं मांसही जळतं." आणि शुगर वाढेल या भीतीनं आई त्यांना अर्धी भाकरी नि ताक देऊन उठवायची, तेव्हा तुम्ही तिला अंडी, डाळ, मटकीची उसळ यांचा हिशेब लिहून दिलात. प्रथिनांशिवाय जखम कशानं भरणार? आईनं तो कागद देवघराशेजारी लावलाय.

तुमच्या वहीतली चित्रं मग भराभर लहान होत गेली. शेवटच्या पानावर नुसती तारीख आहे.

त्या दिवशी आम्ही पेढे काढले, तर तुम्ही अण्णांना बसवून घेतलंत. अशा भरलेल्या जखमांपैकी साधारण 40 टक्के वर्षाच्या आत पुन्हा उघडतात, भरलेलं कातडं मूळच्या ताकदीचं कधीच होत नाही, असं सरळ सांगितलंत. आईला ते अशुभ वाटलं. मला बरं वाटलं, कारण त्यानंतर अण्णा ऐकायला लागले. आता घरातसुद्धा एमसीआरची, म्हणजे बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची, चप्पल असते. बूट घालण्याआधी आत हात घालून चाचपतात. रात्री आरशात तळवा बघतात, आणि चष्मा सापडला नाही तर नातवाला बघायला लावतात. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी जायचं नाही यावर मात्र अजून वाद चालू आहे. तुम्ही एकदा बोला. माझं ऐकत नाहीत.

घट्टा पुन्हा थोडा धरलाय, म्हणून येत्या सोमवारी घेऊन येते. आईनं शेंगादाण्याची चटणी कुटून ठेवलीय. मागच्या वेळी तुम्ही डबा परत केलात, ते तिला लागलंय. या वेळी घ्या.

तुमची,
अण्णांची थोरली