खोटं सासऱ्याचं, परीक्षा जावयाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘मीट द पेरेंट्स’ या 2000 सालच्या अमेरिकन विनोदी चित्रपटावरचा लेख वाचला. चित्रपटात ग्रेग (बेन स्टिलर) प्रेयसी पॅमच्या बहिणीच्या लग्नासाठी तिच्या घरी जातो आणि तिचा बाप जॅक त्याला होणारा जावई म्हणून पारखू लागतो. लेखकाने या ग्रेगला ‘वेंधळा जावई’ ठरवून मोकळं केलं आहे. अस्थिकलशावर उडालेलं शॅम्पेनचं बूच, त्या राखेत घाण करणारं मांजर, व्हॉलीबॉल खेळताना नवऱ्या मुलीच्या तोंडावर बसलेला फटका हे सगळं लेखात आलं. ग्रेग नर्स आहे, एवढं मात्र एका ओळीत उरकलं. मी स्वतः सरकारी रुग्णालयात अधिपरिचारक, म्हणजे पुरुष नर्स आहे. रुग्ण ‘ब्रदर’ म्हणतात. त्यामुळे ती एक ओळ मला फार तोकडी वाटली.

हा चित्रपट खरा उभा आहे तो पेशाच्या लाजेवर. ग्रेग शिकागोत नर्स आहे आणि ते उघडपणे सांगतो. पॅमच्या बहिणीचा होणारा नवरा डॉक्टर, त्याचे वडीलही डॉक्टर. तिथे ग्रेगच्या उत्तरावर लोक आधी हसतात आणि मग खरं काय करतोस म्हणून विचारतात. पॅमचा पूर्वीचा वाग्दत्त वर केविन (ओवेन विल्सन) त्याहून भारी. त्याला वाटतं, ही समाजसेवाच आहे. वेळ मिळाला तर आपणही असं काहीतरी करू. पगार मिळतो हे ग्रेगला सांगावं लागतं! हा प्रसंग पाहून आमच्या वॉर्डातला कुठलाही ब्रदर खुर्चीवरून खाली पडेल. आम्हालाही गल्लीतले लोक सुट्टीच्या दिवशी हक्काने निरोप धाडतात, ‘जरा येऊन आमच्या आजोबांना सलाइन लावून जा.’

आणि सासरा? रॉबर्ट डी नीरोचा जॅक जगाला सांगत आलाय की आपला दुर्मीळ फुलांचा व्यवसाय होता. प्रत्यक्षात तो सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा निवृत्त माणूस. म्हणजे पेशा लपवणारा हा, आणि तळघरातल्या खोलीत खोटं पकडायच्या यंत्राला बांधायचा कुणाला, तर पेशा न लपवणाऱ्याला. मला विचाराल तर चित्रपटातला सगळ्यात मोठा विनोद हाच, आणि लेखात नेमका तोच नाही. ग्रेग पुढे थापा मारतो, हरवलेल्या मांजराच्या जागी दुसरं आणून त्याची शेपटी रंगवतो, हे खरं. पण खऱ्याला किंमत नाही म्हटल्यावर माणूस थापांकडे वळतोच.

आमच्याकडे यंत्र लागत नाही. माझं स्थळ सांगताना मध्यस्थाने ‘मुलगा सिव्हिलला असतो’ एवढंच सांगितलं होतं. होणारे सासरे एसटीत कंट्रोलर. एके सकाळी बीपी तपासायच्या निमित्ताने ते न सांगता ओपीडीत येऊन बसले. आमच्या आयामावशींना विचारलं, ‘हे डॉक्टर कसे आहेत हो?’ मावशी म्हणाल्या, ‘डॉक्टर नाहीत, ब्रदर हायेत. पण शीर एका फटक्यात सापडती त्यांना.’ लग्न ठरलं. तरी पत्रिका वाटताना पाहुण्यांना सांगितलं गेलं, ‘जावई मेडिकल लाइनला आहेत.’ निम्म्या वऱ्हाडाला माझं औषधाचं दुकान आहे असं वाटत होतं.

लेखकाचं एक म्हणणं मान्य: दिग्दर्शक जे रोच हसण्यापेक्षा अंग चोरायलाच जास्त लावतात. पण 2004 च्या दुसऱ्या भागाला लेखकाने ‘फिका’ म्हणून का निकालात काढलं, ते कळलं नाही. त्यात डस्टिन हॉफमन आणि बार्बरा स्ट्रायसँड हे ग्रेगचे आई-बाप आहेत, आणि लेकाची नवव्या क्रमांकाची बक्षिसंसुद्धा त्यांनी घरात कौतुकाने मांडून ठेवली आहेत. जॅकचं तिथे झालेलं तोंड पाहिलं की पहिल्या भागातला त्याचा सगळा रुबाब आठवून दुप्पट हसू येतं. विनोद पुष्कळदा पाचकळ आहे, ते सोडा. व्याह्या-व्याह्यांची ती जुगलबंदी आपल्या कुठल्याही लग्नाच्या याद्यांच्या बैठकीला शोभेल.

पहिल्या भागातला शेवटचा विमानतळाचा प्रसंग मात्र लेखकाने पुन्हा पाहावा. तिथे जॅककडे यंत्र नाही. तो ग्रेगचं मनगट धरतो, नाडीवर बोटं ठेवतो आणि प्रश्न विचारतो. जन्मभर यंत्रावर विसंबलेला सासरा जावयाला पारखताना नर्सचं काम करतोय! मग मात्र तोच गुडघ्यावर आल्यासारखा विचारतो, माझा जावई होशील का?

पुरवणीत पुन्हा कधी या चित्रपटाबद्दल छापलंत, तर एवढं लिहून टाका की ग्रेगने डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळवले होते. नापास झाला म्हणून तो नर्स झालेला नाही. आम्हीही बरेच जण नाही.

आपला,
एक अधिपरिचारक, सोलापूर