शिरीषला पत्र : गुत्तूझोचा क्रूस

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वसईच्या फादरांनी चर्चसाठी क्रुसारोहणाचं चित्र मागितलंय आणि तू ‘माझी श्रद्धा नसताना हे काम घ्यावं का?’ म्हणून अडून बसलायस, हे वाचल्यावर मला राहवेना. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून ऐसपैस लिहितो. मी रोमला असताना ज्या चित्रापुढे सगळ्यात जास्त वेळ उभा होतो, त्याच्याबद्दल तुला कधीपासून सांगायचं होतं. ते आत्ताच सांगितलं पाहिजे.

चित्र रेनातो गुत्तूझो या इटालियन चित्रकाराचं. नाव ‘क्रोचिफिस्सिओने’, म्हणजे क्रुसारोहणच. कॅनव्हासवर तैलरंग, साधारण दोन मीटर बाय दोन मीटर, जवळजवळ चौरस. 1940-41 मध्ये काढलेलं. हल्ली ते रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

गुत्तूझो सिसिलीतल्या बागेरीयाचा. जन्म 1911 च्या डिसेंबरातला, पण सरकारदरबारी नोंद 1912 ची. वडील जमिनीची मोजणी करायचे आणि हौसेने जलरंगात चित्रं काढायचे. गावात बैलगाड्यांसारख्या गाड्या रंगवणारे कारागीर होते. सिसिलीतल्या गाड्यांच्या फळ्यांवर लढाया, घोडे, शूरवीर भडक रंगांत रंगवतात. हा पोरगा त्यांच्या कामाच्या जागी जाऊन बघत बसायचा. त्याचा लाल आणि त्याचा निळा बघताना मला त्या फळ्याच आठवतात, अकादमी नाही.

आता तुझा मुद्दा. हा माणूस 1940 मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला, आणि तेही चोरून, कारण मुसोलिनीच्या राज्यात त्या पक्षावर बंदी होती. म्हणजे ‘श्रद्धा नसलेला’ या शब्दांत तू स्वतःला जितका बसवतोस, त्याहून तो जास्तच बसतो. तरी त्याने ख्रिस्तच का घेतला? त्याच्या त्या वेळच्या टिपणांत उत्तर आहे. तो लिहितो की हा काळ युद्धाचा आणि कत्तलींचा आहे : अॅबिसिनिया (म्हणजे इटलीने जिंकलेला इथिओपिया), विषारी वायू, फाशीचे खांब, स्पेनमधलं यादवी युद्ध. ख्रिस्ताच्या यातना त्याला आजचा प्रसंग म्हणून रंगवायच्या होत्या. आपल्या विचारांपायी अपमान, तुरुंग आणि छळ सोसणाऱ्या सगळ्यांचं प्रतीक म्हणून. क्रूस एखाद्या खोलीत उभे करावेत, सैनिक, कुत्री, केस सुटलेल्या रडणाऱ्या बायका, मेणबत्तीच्या उजेडात लाल-पांढऱ्याचा कल्लोळ, असाही एक विचार त्याने मांडून पाहिला होता. शेवटी त्याने उघड्यावरचा प्रसंग घेतला. क्रुसांच्या मागे घरांची दाटी आहे. पण मला त्या खोलीचा दाब अजून त्या चित्रात जाणवतो. आभाळाला मोकळी जागाच नाही. माणसं, घोडे, लाकडं सगळी एकमेकांत घुसलेली.

तू चित्रकार आहेस म्हणून दोन गोष्टी बारकाईने सांगतो.

पहिली, टेबल. अगदी पुढ्यात, आपल्या पायाशी यावं इतक्या जवळ एक टेबल आहे, वरून पाहिल्यासारखं आपल्याकडे कललेलं. त्यावर छळाची हत्यारं पडलेली आहेत, आणि त्यांच्याच शेजारी बाटली, भांडं. एरवी अशा वस्तुचित्रात फळं असतात, सुरई असते. इथे खिळे ठोकणाऱ्याने काम झाल्यावर जे हातातलं होतं ते टेबलावर टाकलंय. कारागिराचं टेबल दिवस संपताना असंच दिसतं. कुणीतरी हे रोजचं काम म्हणून केलं, हा त्यातला अर्थ मला सगळ्यात भयंकर वाटतो. चित्रात शिरायचं तर या टेबलाला वळसा घालूनच शिरावं लागतं.

दुसरी, चेहरा. आपण आजवर पाहिलेली क्रुसारोहणं आठव : मधे ख्रिस्त, दोन बाजूंना दोन चोर, सगळे आपल्याकडे तोंड करून. गुत्तूझोने तिन्ही क्रूस एका रांगेत ठेवलेच नाहीत. ते तिरके, एकामागे एक येतात, आणि एका चोराचा क्रूस ख्रिस्ताच्या आड येतो. ख्रिस्ताचा चेहरा आपल्याला धड दिसत नाही. शिरीष, माझ्या मते सगळं चित्र इथे आहे. ज्याच्यासाठी हा प्रसंग हजारो वेळा रंगवला गेला, तोच झाकलेला. आणि झाकतो कोण, तर त्याच्याबरोबर मरणारा एक गुन्हेगार. हा ख्रिस्त वेगळा काढून दाखवता येत नाही. त्याला शोधायचं तर शेजारच्याला बघावंच लागतं. शुभवर्तमानात त्याची गणना अपराध्यांत झाली असं म्हटलंय. ते वाक्य इतक्या शब्दशः रंगवणारा दुसरा कुणी मी तरी पाहिलेला नाही.

घोडे बघशील तर तुला ‘गेर्निका’ आठवेल. ते बरोबरच आहे. स्पेनमधल्या बॉम्बहल्ल्यावरचं पिकासोचं ते 1937 चं चित्र तेव्हा न्यूयॉर्कला होतं. त्याचं एक पोस्टकार्ड गुत्तूझो खिशातल्या पाकिटात बाळगायचा.

1942 मध्ये हे चित्र बेर्गामोच्या स्पर्धेत गेलं. तेव्हा इटलीत दोन मोठ्या स्पर्धा होत्या. क्रेमोनाची स्पर्धा फारिनाच्ची नावाच्या कट्टर फॅसिस्टाने सुरू केली होती. तिथे विषय ठरवून दिले जात, आणि 1939 साली विषय होता रेडिओवरून ड्यूचेचं, म्हणजे मुसोलिनीचं, भाषण ऐकणं. बेर्गामोची स्पर्धा शिक्षणमंत्री बोत्ताईची. राजवट तीच, पण तिथे चित्रकाराला श्वास घ्यायला थोडी जागा होती. गुत्तूझोला दुसरं बक्षीस मिळालं आणि गदारोळ उठला. चित्रातली माणसं उघडी आहेत, ख्रिस्ताला बिलगलेली मग्दालीया मरियासुद्धा. स्थानिक बिशपांनी आपल्या पाद्र्यांना प्रदर्शन बघायला मनाई केली. गुत्तूझोला सैतानी चित्रकार म्हटलं गेलं.

मला ती नग्नता अजिबात उथळ वाटत नाही. रोमन शिपायाचा पोशाख चढवला असता तर प्रसंग दोन हजार वर्षं मागे गेला असता. फॅसिस्टांचा काळा शर्ट चढवला असता तर चित्र भिंतीवर लागलंच नसतं. कपडे काढल्यावर काळच निघून जातो. मारणारे आणि मरणारे दोघांचीही कातडी सारखीच दिसते.

पुढे काळ किती फिरला बघ. जाकोमो मान्झू हा बेर्गामोचाच शिल्पकार. त्याच्याही क्रुसारोहणाच्या उठावशिल्पांवर त्याच सुमारास टीका झाली होती. त्याच मान्झूने नंतर व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचं ‘मृत्यूचं दार’ घडवलं, ते 1964 मध्ये बसलं. गुत्तूझो 1987 मध्ये रोमला वारला. बागेरीयातली त्याची समाधी मान्झूनेच केली. आणि गुत्तूझो स्वतः, आयुष्यभर पक्षाचा माणूस, 1983 मध्ये वारेझेजवळच्या साक्रो मोंते या तीर्थस्थानी ‘इजिप्तला पलायन’ रंगवून आला. धर्माच्या भिंतीवर त्याला जागा मिळाली, आणि त्याला ती घ्याविशी वाटली.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर आंजेलो द फोन्सेका. हा गोव्याचा, श्रद्धाळू कॅथलिक. शांतिनिकेतनात शिकला, मरियेला साडी नेसवली, आणि गोव्यात इतका रोष ओढवला की शेवटी पुण्याच्या आश्रमात येऊन राहिला. म्हणजे श्रद्धा असूनही लोक रागावतातच. पणजीजवळ पर्वरीला त्याची चित्रं आहेत, तू गोव्याला जाशील तेव्हा चुकवू नकोस.

म्हणून माझं म्हणणं : काम घे. तुझी श्रद्धा नाही हे फादरांना माहीत आहे, तरी त्यांनी तुलाच विचारलं. तो त्यांचा निर्णय आहे, त्याचा मान ठेव. तू फक्त इतकं बघ की चित्रातली माणसं तुझ्या ओळखीची असू देत. नायगावच्या बंदरावर जाळी ओढणाऱ्यांचे हात तू वर्षानुवर्षं स्केच करतोयस, ते हात वापर. युरोपातल्या छापील चित्रांवरून दाढी आणि झगे उचलू नकोस. आणि फादरांशी आधीच मोकळेपणाने बोल : चर्चमध्ये लोक गुडघे टेकून बसणार, त्यांना ख्रिस्ताचा चेहरा लागेल. गुत्तूझोसारखा तो झाकायचा हक्क तुला इथे नाही. पण दोन चोरांचे चेहरे तितक्याच जीव लावून रंगवायला तुला कोण अडवणार आहे?

कॅनव्हास ताणण्याआधी कोळशाने मोठा कच्चा आराखडा कर आणि त्याचा फोटो मला पाठव. मी पुढच्या महिन्यात मुंबईला येतोय, एक रविवार तुझ्या स्टुडिओसाठी राखून ठेवलाय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव