सोसायटीचा एसटीपी चालवायचा कोणी? पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी पुण्यात बावधनला 120 फ्लॅटच्या सोसायटीत राहते. तीन वर्षं कमिटीत आहे आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करणारा प्लांट, माझ्याकडे आहे. आमची साधारण 480 माणसं, माणशी 135 लिटरच्या सरकारी हिशोबाने रोज 65 हजार लिटर पाणी लागतं आणि त्यातलं 80 टक्के, म्हणजे 52 हजार लिटर, सांडपाणी होऊन खाली प्लांटच्या टाकीत येतं. साफ झालं की त्यातलंच पाणी फ्लशला परत वापरतो.

पझेशन मिळालं तेव्हा 30च घरं राहायला आली होती आणि प्लांट 120 घरांच्या मापाचा. खरं काम तिथे बॅक्टेरिया करतात, त्यांना खायला मैला लागतो आणि जगायला हवा लागते, मैला पुरेसा येत नव्हता आणि त्यात लाईटबिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे पंप, बंद ठेवायचे, मग काय, बॅक्टेरिया मेले आणि फ्लशमधून काळं, घाण वासाचं पाणी यायला लागलं. लोकांनी वैतागून फ्लशला टँकरचं पाणी जोडून घेतलं. कागदावर मात्र प्लांट चालूच होता.

आम्ही दुसऱ्या सोसायटीच्या चालू प्लांटमधला जिवंत बॅक्टेरियाचा गाळ आणून टाकला, ब्लोअर चोवीस तास ठेवला, आणि शिकलेला ऑपरेटर शोधला. तो रोज सकाळी एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवतो, गाळ किती खाली बसला बघतो आणि त्यावरून ठरवतो हवा किती, गाळ काढायचा किती. एवढंच, पण असा माणूस मिळायला आम्हाला आठ महिने लागले!

आता नवीन सोसायट्यांना एमबीआर, म्हणजे मेंब्रेनच्या बारीक जाळीतून पाणी गाळणारा प्लांट, देतायत. चांगलंच आहे ते, मेंब्रेनची भोकं मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक, बॅक्टेरियासुद्धा अडकतात, गाळ खाली बसवायची वेगळी टाकी लागत नाही म्हणून जागाही कमी लागते. पण मेंब्रेन चोंदतं, हायपो (ब्लीचचं पाणी) आणि सायट्रिक ॲसिडने धुवावं लागतं, काही वर्षांनी बदलावं लागतं आणि तो खर्च सोसायटीवर येतो. पझेशनच्या वेळी हे कोणी सांगत नाही. आमचा साधा प्लांट नीट चालवायला एवढा त्रास, तर तिथे काय होईल याची मला खरंच काळजी वाटते.

म्हणून मागणी ही आहे की निदान 80 टक्के घरं भरेपर्यंत आणि त्यानंतर दोन वर्षं प्लांट बिल्डरनेच चालवावा. आयटीआयमधे एसटीपी ऑपरेटरचा कोर्स गावोगावी सुरू करा, मुलांना काम मिळेल आणि आम्हाला माणूस.

आणि उरलेल्या पाण्याचं काहीतरी करा. फ्लशला माणशी 45 लिटर धरलं तरी 22 हजारच लिटर लागतं, बागेला थोडं, पावसाळ्यात तेही नाही. रोज 25-30 हजार लिटर स्वच्छ केलेलं पाणी आम्ही नाल्यात सोडतो, तो रामनदीला मिळतो, आणि रस्त्यापलीकडच्या बांधकामावर त्याच वेळी टँकर रिकामा होत असतो. बंगळुरूत सोसायट्यांना जास्तीचं पाणी विकायची मुभा दिलीय. आम्हाला विकायचंसुद्धा नाही, फुकट न्या, फक्त तपासणी करून परवानगी देणारी एक सोपी पद्धत ठरवून द्या.

एकदा सकाळी सातला या, तेव्हा सगळ्या घरांच्या आंघोळी चालू असतात आणि प्लांटवर सगळ्यात जास्त लोड असतो. ऑपरेटर तुम्हाला ते नळकांडं भरून दाखवेल.

आपली,
बावधनच्या एका सोसायटीची कमिटी मेंबर