‘कळला का?’ असं न विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आभार समोर बसून मानावेत, असं तुम्ही म्हणाल. तरी हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण ‘आपल्याला बुवा आर्ट फिल्म कळत नाही’ म्हणत चांगल्या चित्रपटांपासून लांब राहिलेली पुष्कळ माणसं मला माहीत आहेत. त्यांना तुमच्यासारखं कुणी भेटलं नाही, एवढंच.

चित्रपट संपला की तुम्ही ‘कळला का?’ असं कधीच विचारलं नाहीत. ‘काय दिसलं तुला?’ एवढंच विचारायचात, आणि मग खरंच ऐकायचात.

जपानी दिग्दर्शक ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (1953) पाहून मी थोरल्या मुलीवर भयंकर चिडलो होतो. अंत्यविधी उरकून सगळे जेवायला बसतात आणि ही आईचा किमोनो मागते! तुम्ही माझा राग खोडून काढला नाहीत. आई आता जगत नाही हे कळल्यावर मोठ्यानं रडतं कोण, एवढंच विचारलंत. तीच रडते. तिचं रडणं खरं आणि किमोनोवरचा डोळाही खरा. ओझू कॅमेरा जमिनीलगत ठेवून दोन्ही दाखवतात आणि निवाडा करत नाहीत. तेव्हापासून कौटुंबिक नाट्य असलेला कुठलाही चित्रपट मी याच कसोटीवर पाहतो: यातलं एखादं माणूस नुसतंच वाईट आहे का? असेल तर लेखकानं काम अर्धवट सोडलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. इराणी दिग्दर्शक असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ (2011) मला म्हणूनच इतका मोठा वाटतो. त्यात प्रत्येकजण काहीतरी दडवतो आणि प्रत्येकाची बाजू पटते. सुरुवातीलाच घटस्फोटाच्या सुनावणीत नवरा-बायको कॅमेऱ्याकडे बघून भांडतात, म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीत आपण. शेवटी आई की वडील हे मुलगी ठरवते, पण तिचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. अनेकांना हा शेवट फसवा वाटतो. मला तो अगदी रास्त वाटतो. त्या पोरीचं उत्तर ऐकण्याचा आपला हक्कच नव्हता.

कंटाळ्याबद्दल बोलायची मोकळीक तुम्ही दिलीत, हे तर मी कधीच विसरणार नाही. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमानचा ‘जान दिलमान’ (1975) 201 मिनिटांचा. एका विधवेचे तीन दिवस: स्वयंपाक, भांडी, अंथरूण, दुकान, आणि दुपारी पैसे देऊन येणारे पुरुष. बराच वेळ कंटाळलो, असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘तो कंटाळा कुठे संपला ते सांग.’ आठवून पाहिलं, तर तो दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात तिथे संपला होता. ती भांडं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं तिला सुचत नाही, आणि मला चक्क भीती वाटायला लागली होती. पहिल्या दिवशी तिचा हात कुठेच चुकत नाही, हे आपण मिनिटामिनिटानं पाहिलेलं असतं ना! 2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या सर्वकालीन उत्तम चित्रपटांच्या कौलात समीक्षकांनी या चित्रपटाला पहिला क्रमांक दिला. मला मात्र तो त्या बटाट्यांमुळे आवडतो.

उलट, संथपणाचं नुसतं सोंगही असतं, आणि तेही तुम्ही बोलू दिलंत. पाठमोऱ्या माणसामागून चालणारा कॅमेरा, खिडकीशी लांबलचक मौन, मध्येच अंधार करून संपवलेली गोष्ट. हे शॉट आता इतके ठरीव झालेत की त्यांचा मला राग येतो. मसालापटातल्या व्हायोलिनइतकेच ते आयते आहेत. सत्यजित रायांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) लेक दुर्गाच्या मृत्यूची बातमी वडिलांना कळते तेव्हा आईचा टाहो ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजतं. संगीत एवढं मोठं काम करू शकतं. इतरत्र ते प्रेक्षकाला फक्त ‘आता रडा’ असं सांगत असतं.

रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कींवरून मात्र आपलं जमलं नाही. ‘नॉस्टॅल्जिया’तला (1983) पेटती मेणबत्ती रिकाम्या कुंडापार नेण्याचा तो जवळपास नऊ मिनिटांचा अखंड शॉट तुम्हाला प्राणप्रिय. मलाही तो श्वास रोखायला लावतो. पण त्याआधी पात्रं प्रवचन दिल्यासारखी बोलतात आणि त्या दुभाषी बाईला दिग्दर्शकानं न्याय दिलेला नाही, असं मी म्हणालो. तुमच्या आवडत्या दिग्दर्शकाबद्दल हे बोलताना मला धाकधूक होती. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, ‘हे अस्संच लिहून काढ.’ मी लिहायला लागलो तो त्या एका वाक्यामुळे. त्यासाठी मनापासून आभार, ताई.

आणि चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’चा (2014) वाद अजून मिटलेला नाही. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, चित्रपट तिथेच संपायला हवा होता, असं तुम्ही म्हणता. मला त्यानंतरची न्यायाधीशांची सहल हवीच वाटते. ज्याच्या तारखांवर कुणाचं तरी आयुष्य अडकलंय, तो माणूस बाकावर डुलकी घेतो आणि झोपमोड करणाऱ्या पोराला थप्पड मारतो. ते पाहिल्याशिवाय आधीच्या सगळ्या सुनावण्या मला पुऱ्या झाल्यासारख्या वाटत नाहीत. तुमचं उत्तर कळवा. मी माघार घेणार नाही.

तुमचा,
शेजारच्या खुर्चीतला प्रेक्षक