लुकिंग फॉरवर्ड टू... च्या पुढं काय?

प्रिय भावा,

तुझा मेल बघितला. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठीचा अर्ज लई भारी झालाय, कास्टिंगचं रिजेक्शन कसं कमी केलंस तो पॅरा तर वाचतानाच पटतोय, पण शेवटी तू लिहिलंयस 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' आणि तिथं मी अडलो. मीट नको मर्दा, मीटिंग पाहिजे. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.'

आता तू म्हणशील टू नंतर आयएनजी कसं काय? बरोबर हाय तुझं, टू दिसला की पुढं साधं क्रियापद, टू गो, टू ईट, हे शाळेपासून डोक्यात फिट्ट बसलंय. पण इथला टू त्या जातीचा न्हाई, हा फॉरवर्डला चिकटलेला शब्दयोगी हाय, त्याच्यापुढं नाम लागतं. आपण 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' म्हणतोच की. मग दिवाळीच्या जागी क्रियापद बसवायचं तर त्याला आयएनजी लावून नाम करून घ्यायचं, एवढंच. शंका आली की टू नंतर नुसतं 'इट' (म्हणजे 'ते', खायचं ईट न्हवं) टाकून बघ. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' चालतंय, म्हणजे आयएनजी. 'आय वाँट टू इट' चालत न्हाई, म्हणून तिथं 'वाँट टू मीट'.

हाच घोळ 'यूज्ड टू' मध्ये पण हाय, आणि तिथं तर अर्थच फिरतो. 'आय यूज्ड टू वर्क इन नाइट शिफ्ट' म्हणजे पूर्वी करायचो, आता न्हाई. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन नाइट शिफ्ट' म्हणजे सवय हाय, कधीबी बोलवा. तू वर पहिलं लिहिलंयस, तुला म्हणायचंय दुसरं. ते आधी बदल, नाहीतर एचआरवाला समजंल गड्याला रात्रपाळी नको.

आणि 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय' पण नको. वेटिंगला फॉर लागतो म्हणून आपण इकडं पण फॉर ढकलतो.

अजून एक, थोडं फॉर्मल पाहिजे तर 'आय लुक फॉरवर्ड टू' कर, ॲम लुकिंग जरा घरगुती वाटतं. अर्जात मला 'आय लुक फॉरवर्ड टू'च बरं वाटतंय. स्पेलिंगमध्ये फॉरवर्डच्या आर नंतर तू ई घातलायस, तो काढ.

'प्लीज डू द नीडफुल' काढ असं मी सांगणार न्हाई. इंग्रज साहेबांनीच ते आणलं, तिकडं आता जुनाट झालंय, आपल्याकडच्या ऑफिसात मात्र जोरात चालतंय आणि वाचणारा आपलाच माणूस हाय. फक्त वर 'डिअर सर' ठेवलंयस तर खाली 'युअर्स फेथफुली' कर. सिन्सिअरली नाव घालून लिहिलं तर, ही ब्रिटिश पद्धत.

रिझ्युमे अजून उघडला न्हाई, रविवारी बघून पाठवतो. पगाराचा आकडा मेलमध्ये टाकू नकोस, ते समोर बसल्यावर बोल. आणि इंटरव्ह्यूला येशील तेव्हा मुक्काम आमच्याकडंच, आईनं पांढऱ्या रश्श्याचं आत्ताच ठरवलंय.

तुझाच,
राजारामपुरीवाला